पाटीवर शेवटचं गाव

फ्रँकफर्टहून सोफियाला विमानाने दोन तास लागतात. तेवढ्या वेळात आईने बल्गेरियन मुळाक्षरं वहीत उतरवून घेतली. ही चाररेघी वही तिने कराडहून येतानाच बॅगेत टाकली होती. कशासाठी, ते तिलाच माहीत. एकतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीचा वर्ग सांभाळलेल्या बाईला अक्षरं कशी शिकायची हे आपण सांगायला जाऊ नये. मी मोबाइलवर तीस अक्षरांचा तक्ता दाखवला. तिने तो नीट न्याहाळला आणि पानावर तीन रकाने पाडले: सरळ, फसवी, नवी.

सरळ म्हणजे के, एम, टी यांसारखी, दिसतात तशी वाचायची. फसवी म्हणजे चेहरा ओळखीचा पण आवाज भलताच. पी दिसला की र, सी दिसला की स, एच म्हणजे न, बी म्हणजे व, वाय म्हणजे उ. नवी म्हणजे उरलेली सगळी: दोन खांबांवर तुळई ठेवली की प, उलटा एन म्हणजे इ, पाठमोरा आर म्हणजे या, आणि पाय पसरून बसलेल्या कोळ्यासारखं एक अक्षर, ते जरा घासून म्हटलेलं झ. एका अक्षरापाशी आमचं अडलं. छोट्या बीला डोक्यावर डावीकडे शेंडी काढावी तसं ते दिसतं. ‘उ आणि अ यांच्या मधलं काहीतरी’ असं मी मोघम सांगून टाकलं. त्यापुढे आईने पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

ही गोष्ट मे २०२४ मधली. मला सलग चार दिवस सुट्टी मिळत होती, आई तीन महिन्यांसाठी माझ्याकडे आली होती, आणि पॅरिस-रोमच्या गर्दीत तिला न्यायचं माझ्या जिवावर आलं होतं. प्लोव्हदिव हे बल्गेरियातलं दुसऱ्या क्रमांकाचं मोठं शहर, रोमन काळातलं नाट्यगृह अजून वापरात असलेलं, आणि खिशाला परवडणारं. अट एकच होती, आईचीच: टॅक्सी करायची नाही. बाबा एसटीत कंडक्टर होते. गुडघ्यांमुळे ते आले नव्हते, पण रोज रात्री फोनवर ‘आज कशाने गेलात, तिकीट किती पडलं’ हे त्यांना सांगायचं होतं.

सोफिया विमानतळाच्या टर्मिनल दोनला लागूनच मेट्रोचं स्टेशन आहे. २०१५ पासून मेट्रो तिथपर्यंत येते. दारावरची पाटी वाचून आई म्हणाली, “मेटपो.” मग स्वतःच वही उघडली, फसव्या रकान्यात बोट ठेवलं आणि “मेट्रो!” असं इतक्या मोठ्याने म्हणाली की पुढचा माणूस वळून बघायला लागला. फाटकावर बँकेचं कार्ड टेकवलं की आत जाता येतं. मी तसंच केलं. आईला मात्र तिकीट हातात हवं होतं, म्हणून खिडकीवर जाऊन तिच्यासाठी कागदी तिकीट घेतलं. एका प्रवासाचे १.६० लेव्ह, म्हणजे तेव्हाचे पंचाहत्तर रुपये धरा. (लेव्ह आता गेले. १ जानेवारी २०२६ पासून तिथे युरो आहे.)

मेट्रोत आईने वहीवरून मान वर केली नाही, फक्त स्टेशन आलं की पाटी वाचायची. एका स्टेशनवर ती कोळ्याच्या अक्षरापासून सुरुवात करून एकेक अक्षर जोडत गेली, “झो-लि-ओ… क्यु-रि… अगं, ही तर क्यूरी!” खरंच, ते स्टेशन झोलियो-क्यूरी नावाचंच आहे. त्याच्या पुढे एक स्टेशन सोडून सोफिया विद्यापीठाचं स्टेशन लागतं, संत क्लिमेंट ओहरिदस्की यांच्या नावाचं. हे क्लिमेंट म्हणजे सिरिल आणि मेथोडियस या दोघा भावांचे शिष्य. भावांनी नवव्या शतकात स्लाव भाषांसाठी आधी वेगळीच लिपी घडवली होती. आज आपण जिला सिरिलिक म्हणतो ती त्यानंतर बल्गेरियाच्या राज्यात, शिष्यांच्या पिढीत तयार झाली. आई ज्या अक्षरांवर पेन्सिल फिरवत होती ती रशियन नव्हेत, इथलीच. बल्गेरियन माणसाला ही आठवण करून दिली की तो खूश होतो, आणि उलटं बोललात तर विषय लवकर संपत नाही.

दारं बंद होताना होणारी घोषणा ऐकता ऐकता आईला तिच्या प्रश्नचिन्हाचं उत्तर सापडलं. “मधलंबिधलं काही नाही. हा आपला अ आहे. नुसता अ.” तिने प्रश्नचिन्ह खोडलं. नंतर देशाचं नाव पाहिलं तर दुसरंच अक्षर ते शेंडीवालं. मी तोपर्यंत इंग्रजी वळणाने ‘बुल्गारिया’ म्हणत होते. मराठीत आपण बल्गेरिया लिहितो, त्यातला ब अगदी बिनचूक आहे. तसंच त्यांच्याकडे च दोन आहेत आणि दोन्हींना वेगवेगळी अक्षरं आहेत. आईने वहीत लिहिलं: ‘एक चुलीतला, एक चहातला’. मराठीत आपण दोन्ही एकाच अक्षरावर भागवतो, याबद्दल तिने पुढचा अर्धा तास हळहळ व्यक्त केली.

सेर्दिकाला गाडी बदलायची. तिथे वर आलं की रोमन सेर्दिका शहराचे रस्ते आणि भिंती उघड्यावरच दिसतात, लोक त्यांच्यामधून ऑफिसला चाललेले असतात. पुण्यात मेट्रोसाठी खणताना असं काही निघालं असतं तर किती वर्षं काम थांबलं असतं, यावर आमचं थोडं बोलणं झालं आणि आम्ही दुसऱ्या लाइनने दोन स्टेशनं पुढे मध्यवर्ती रेल्वे स्थानकावर गेलो.

हे स्थानक १९७४ चं. काँक्रीटचं अवाढव्य धूड. रेल्वे स्टेशनला ‘गारा’ म्हणतात, बस स्टँडला ‘आफ्तोगारा’, आणि दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत, त्यामुळे कशाने जायचं हे आयत्या वेळी ठरवता येतं. बस दोन तासांत पोहोचवते, रेल्वेला तीन लागतात. आम्ही रेल्वे घेतली, कारण आईला खिडकी हवी होती. तिकीटखिडकीवर मी ऐटीत ‘द्वा बिलेता, प्लोव्हदिव’ म्हटलं. बाईंनी दुरुस्ती केली, “प्लॉव्हदिफ.” शेवटचा व बोलताना फ होतो, हे वहीत नव्हतं.

घोळ झाला तो फलाट शोधताना. बोर्डावर आमच्या गाडीपुढे आकडा होता, आणि आकड्यापुढे ‘झापात’ असा शब्द. मी आकडा बघून भुयारी वाटेने गेले, जिना चढून वर आले, तर फलाट रिकामा. त्यांच्याकडे ‘पेरॉन’ म्हणजे फलाट आणि ‘कोलोवोझ’ म्हणजे रूळ. बोर्डावरचा आकडा रुळाचा असतो. शिवाय एकाच लांबलचक रुळावर पुढे-मागे दोन गाड्या उभ्या करता येतात, म्हणून वर दिशाही लिहितात: ‘इस्तोक’ पूर्व, ‘झापात’ पश्चिम. आम्ही बरोबर रुळावर, पण पूर्वेच्या टोकाला उभ्या होतो. एका पोराने आमच्या तिकिटाकडे पाहिलं आणि हाताने दूरवर दाखवलं. चाकांची बॅग ओढत, आईला ‘चल चल’ करत धावलो. आई डब्यात चढल्यावर म्हणाली, “दिशा लिहिलेली होती की. मी वाचली होती. अर्थ तुझ्या मोबाइलला विचारायचा होता.”

डबा जुना, बाजूने बोळ आणि आत आठ-आठ जणांच्या खोल्या, काच खाली सरकवता येणारी. इख्तिमानच्या पुढे डोंगर आणि बोगदे, मग कोस्तेनेत्स, आणि सेप्तेंव्हरी नावाच्या स्टेशनापासून सपाट मैदान. सेप्तेंव्हरी म्हणजे सप्टेंबर. तिथूनच डोंगरात जाणारी अरुंद रुळांची छोटी गाडी सुटते, सव्वाशे किलोमीटरची, दोब्रिनिश्तेपर्यंत. ती बाजूला उभी दिसली आणि माझा जीव खालीवर झाला, पण तिला अख्खा दिवस लागतो.

आमच्या खोलीत एक आजीबाई होत्या. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आईला बल्गेरियन येत नव्हतं, त्यामुळे दोघी सतत बोलत होत्या. त्यांनी चेरीचा पुडा पुढे केला, आईने शेंगदाण्याचे लाडू काढले. पाझारजिक स्टेशन आलं तेव्हा आजीबाईंनी हाताने भाजी मोजल्यासारखं करून ‘पाझार, पाझार’ म्हटलं, आणि आईच्या डोक्यात दिवा पेटला. बाजार! छोटा बाजार, म्हणून पाझारजिक. जवळजवळ पाचशे वर्षं तिथे तुर्कांचं राज्य होतं, आणि तुर्कीतून आलेले फारसी-अरबी शब्द तिकडे राहिले तसे आपल्याकडेही वेगळ्या वाटेने आलेत. मग त्या दोघींचा खेळ सुरू झाला. साबणाला सापून, दुकानाला द्युक्यान, चहाला चाय. फलाटावर एक माणूस दोन मोठी खोकी ओढत होता, त्याच्याकडे बोट दाखवून आजीबाई हसत म्हणाल्या, “खामाल.” आई माझ्याकडे वळली, “हमाल. आणि तू म्हणत होतीस इथे आपलं काही कळणार नाही.”

प्लोव्हदिव स्टेशनातून बाहेर पडलं की समोर रस्त्यावरच शहर बसचा थांबा आहे. इथल्या बसमध्ये कंडक्टर असतो, हे मी वाचलं होतं आणि मुद्दाम आईला सांगितलं नव्हतं. जर्मनीत तिकीट काढा किंवा नका काढू, कोणी विचारत नाही, आणि एक दिवस अचानक तपासनीस उभा राहतो. आईला ती पद्धत अत्यंत लबाडीची वाटते. इथे बस सुटली आणि गर्दीतून वाट काढत एक पन्नाशीच्या बाई आल्या. कमरेला पैशांची पिशवी, हातात छोट्या तिकिटांची गड्डी, आणि चालत्या बसमध्ये कशालाही न धरता पाय फाकवून उभं राहायची ती खास ढब. आई त्यांच्याकडे बघतच राहिली. तिकीट फाडतानासुद्धा त्यांनी अंगठा ओला केला नाही, हे तिने नंतर बाबांना आवर्जून सांगितलं.

मी विचारलं, “त्सेंतर?” चुलीतला च, सगळं व्यवस्थित. बाईंनी मान डावी-उजवीकडे हलवली. म्हणजे ही बस सेंटरला जात नाही. पैसे तर देऊन झाले होते. मी पुढच्याच थांब्यावर बेल दाबली, आईचा दंड धरला आणि खाली उतरले. कंडक्टरबाई दारातून आमच्याकडे बघत राहिल्या. बस गेली.

“का उतरवलंस?” आई म्हणाली.

“ती नाही म्हणाली ना.”

“नाही कुठं? हो म्हणाली. अशी केली की मान.” आणि आईने आपली मान हलवून दाखवली, भाजीवाल्याला ‘बरं, दे’ म्हणताना हलवतो तशी.

बल्गेरियात होकार आडवा असतो आणि नकार उभा. ही गोष्ट प्रत्येक प्रवासमार्गदर्शकात असते, मीही वाचली होती. पण दहा वर्षं जर्मन लोकांत राहून माझी मान बिघडली आहे. नकार देताना बल्गेरियन लोक हनुवटी वर उचलतात आणि बरेचदा जिभेने ‘च्यक्’ करतात. तोही आईने त्याच संध्याकाळी दुकानात बरोबर ओळखला, कारण तो तर कराडच्या कुठल्याही दुकानदाराचा आहे. पंचाईत वेगळीच आहे. परदेशी लोकांशी ज्यांचा रोजचा संबंध येतो, ती तरुण मंडळी आपल्या सोयीसाठी मान उलटी करून दाखवतात. मग समोरच्याने मान त्याच्या पद्धतीने हलवली की आपल्या, हे कळायला मार्ग नाही. अशा वेळी शब्द ऐकायचा: ‘दा’ म्हणजे हो, ‘ने’ म्हणजे नाही. त्या दिवसानंतर बसमधला सगळा संवाद आईकडे गेला. मी फक्त सुट्टे मोजायचे.

उरलेलं अंतर आम्ही इवान वाझोव रस्त्याने चालत गेलो, झाडांच्या सावलीतून, पंधरा मिनिटं. खरं तर एवढ्यासाठी बस लागतच नाही. गावाचा मुख्य रस्ताच फक्त पायी चालणाऱ्यांचा आहे. त्याच्या खाली रोमनांचं स्टेडियम पुरलेलं आहे, आणि जुमाया मशिदीपाशी त्याचं एक टोक उघडं ठेवलंय. जुमाया म्हणजे जुम्मा, शुक्रवारची. जुनं गाव तीन टेकड्यांवर आहे, तिथे दगडी चढ आहेत, बस वर जात नाही. आईला मी रिक्षा नसल्याबद्दल सॉरी म्हटलं तर तिने सज्जनगडाची आठवण करून दिली. त्यांतली एक टेकडी नेबेत तेपे. तेपे म्हणजे टेकडी, आणि नेबेत म्हणजे पहारा. पाळीपाळीने करायचा पहारा. आपली नौबत त्याच मूळ अरबी शब्दातली. नौबतखान्याच्या टेकडीवर बसून आम्ही आयरान प्यायलो. आयरान म्हणजे ताक, जिरं न घातलेलं. खाली मारित्सा नदी, पलीकडे उंच घरं. पूर्वी टेकड्या सात होत्या, त्यातली एक दगडासाठी फोडत फोडत संपवली आणि त्या जागी आता तिच्याच नावाचा मॉल आहे. हे ऐकून आई काही बोलली नाही. आमच्या गावाजवळच्या खाणी तिच्या डोळ्यांसमोर आल्या असाव्यात.

दुसऱ्या दिवशी २४ मे होता. बल्गेरियात त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते, आणि सुट्टी कशाची तर शिक्षणाची, संस्कृतीची आणि लिपीची. सकाळी रस्त्यात शाळेची मुलं फुलं घेऊन चाललेली, बँड वाजतोय, फलकांवर मोठमोठी अक्षरं. पहिलीच्या बाई हरखून गेल्या. “अक्षरांसाठी अख्ख्या देशाला सुट्टी,” असं त्या तीन-चार वेळा म्हणाल्या, आणि एका मुलीच्या हातातल्या फलकावरचं अक्षर ओळखून तिला मोठ्याने म्हणून दाखवलं. ते शेंडीवालं अक्षर होतं. मुलीने मान आडवी हलवली.

आम्हाला बाचकोवोच्या मठात जायचं होतं. १०८३ मध्ये स्थापन झालेला हा मठ प्लोव्हदिवच्या दक्षिणेला रोदोपी डोंगराच्या तोंडाशी आहे. प्लोव्हदिवला बस स्टँड तीन: दक्षिणेचा ‘यूग’, उत्तरेचा ‘सेव्हर’ आणि डोंगराकडच्या गाड्यांचा ‘रोदोपी’. रोदोपी स्टँड रेल्वेच्या मागच्या अंगाला, रुळांखालच्या बोगद्यातून पलीकडे गेलं की लागतो. साधा, छोटा, आपल्या तालुक्याच्या स्टँडसारखा. भिंतीवरचं वेळापत्रक मी मोबाइलच्या कॅमेऱ्याने वाचलं आणि मनाशी वेळ ठरवली. ती कामाच्या दिवसाची होती. तिथे ‘देलनिक’ म्हणजे कामाचा वार आणि ‘प्राझनिक’ म्हणजे सण-सुट्टी, दोन्हींच्या गाड्या वेगळ्या. अक्षरांच्या सणाने आमच्या दोन गाड्या खाल्ल्या होत्या.

तरी एक बस उभी होती. काचेआड हाताने लिहिलेला पुठ्ठा. हाताने लिहिलेली सिरिलिक हे वेगळंच प्रकरण आहे: द इंग्रजी जीसारखा दिसतो, त एमसारखा, प एनसारखा, इ यूसारखी. मोबाइलने पुठ्ठ्याकडे बघून काहीबाही सांगितलं. आईने वही न उघडता वाचलं, “स्मो-ल्यान. स्मोल्यान.”

“आपल्याला बाचकोवो पाहिजे,” मी म्हटलं, आणि आम्ही बाकावर बसलो. बस भरली, ड्रायव्हरने सिगारेट विझवली, बस गेली. दहा मिनिटांनी मी खिडकीवर जाऊन विचारलं, “बाचकोवो?” आतल्या बाईंनी गेलेल्या बसच्या दिशेने हात केला. “स्मोल्यान,” त्या म्हणाल्या. पुढची गाडी दीड तासाने.

आई लगेच काही बोलली नाही. पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायली, मग म्हणाली, “कराड स्टँडवर उंब्रजची पाटी बघून कधी बसलीस का गं? साताऱ्याच्या गाडीत बसतो ना आपण?”

याला उत्तर नव्हतं. कंडक्टरच्या मुलीला तर नव्हतंच.

तो दीड तास वाया गेला असं मात्र नाही. स्टँडच्या टपरीवर गरम बानित्सा मिळाली, पातळ पापुद्र्यांत चीज घालून भाजलेली, आणि आईने पुठ्ठे वाचायचा सराव केला. येणारी प्रत्येक गाडी ती मोठ्याने वाचत होती. पुढची स्मोल्यान आली तेव्हा आम्ही दारात पहिल्या होतो. ड्रायव्हरला आईने विचारलं, “बाचकोवो?” त्याची मान आडवी. “दा?” आईने खात्री केली. “दा, दा.” आसेनोव्हग्राद मागे पडलं की दरी अरुंद होत जाते, रस्ता नदीच्या कडेकडेने वळतो. बसने आम्हाला रस्त्याच्या कडेला उतरवलं. तिथून मठापर्यंतच्या चढावर दोन्ही बाजूंनी मधाच्या बरण्या, मुरंबे, सुकवलेल्या वनस्पती, लाकडी खेळणी. जेजुरीला भंडार असतो, इथे मध, एवढाच काय तो फरक. मठाच्या आवाराबद्दल आणि भिंतींवरच्या चित्रांबद्दल आई दुसऱ्यांना सांगते तेव्हा तासभर लागतो, मी ते इथे सांगत बसत नाही.

परतताना मुद्दाम वेगळी वाट धरली. बसने आसेनोव्हग्रादपर्यंत, आणि तिथून छोट्या पॅसेंजर गाडीने प्लोव्हदिव, अर्ध्या तासाच्या आत. आसेनोव्हग्राद नवरीच्या पांढऱ्या पोशाखांसाठी प्रसिद्ध आहे. एकामागोमाग एक दुकानं, काचेआड झालरी आणि घोळ. आई एका काचेपुढे थांबली, पोशाख पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मी गाडीची वेळ झाल्याचं सांगितलं.

सोफियाला परत आम्ही यूग स्टँडवरून बसने आलो. महामार्गाने दोन तास, आई झोपली, सांगण्यासारखं काही नाही.

ऑगस्टमध्ये ती कराडला गेली तेव्हा वहीत घालून सगळी तिकिटं नेली: मेट्रोचं, रेल्वेची, स्मोल्यानच्या बसचं, आणि प्लोव्हदिवच्या कंडक्टरबाईंनी फाडलेलं ते इवलंसं. व्हिडिओ कॉलवर मी बघत होते. बाबांनी चष्मा लावला, रेल्वेची तिकिटं बाजूला सारली आणि ते इवलंसं तिकीट दिव्याच्या उजेडात आडवं-उभं धरून पाहिलं.

“याला पंच कुठाय?” त्यांनी विचारलं.